माध्यमिक शाळेसाठी कॅड सॉफ्टवेअरची निवड : पनवेल परिसराच्या संदर्भात एक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यास संगणकाच्या साहाय्याने आरेखन शिकवावे की नाही, हा प्रश्न आता फारसा विवाद्य राहिलेला नाही. २०१६ मध्ये नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी अटल टिंकरिंग लॅब ही योजना सुरू केली. निवड झालेल्या शाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची तरतूद तीत करण्यात आली आणि प्रयोगशाळेच्या साहित्यात थ्रीडी प्रिंटरचा समावेश झाला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० याने सहावीपासून व्यावसायिक कौशल्यांची ओळख करून देण्याचा पुरस्कार केला. पुढे २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात, पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये अशा ५०,००० प्रयोगशाळा स्थापन करण्याची घोषणा झाली. यंत्र शाळेत आले म्हणजे त्याला आकृती पुरवावी लागते आणि ती आकृती ज्या साधनाने काढावयाची त्याची निवड करावी लागते. या साधनास, म्हणजे संगणकसाहाय्यित आरेखनाच्या सॉफ्टवेअरला, व्यवहारात कॅड म्हणतात.

ही निवड बहुधा दोन रीतींनी होते. एक तर कारखान्यांत जे चालते तेच शाळेत आणले जाते. नाही तर जे फुकट आणि सोपे असेल ते स्वीकारले जाते. या दोन्ही रीतींत एक गोष्ट राहून जाते. विद्यार्थ्याने या साधनाद्वारे नेमके काय शिकावयाचे, हे आधी ठरलेले नसते. ते ठरविल्यास निवडीचे निकष कोणते निघतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विचारासाठी पनवेल परिसर घेण्याचे कारण असे की, शाळांच्या परिस्थितीतील जवळजवळ सर्व भेद या एका तालुक्यात आढळतात. गाढी नदीकाठचे जुने व्यापारी गाव, सिडकोने वसविलेली नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे व खारघर ही नगरे, तळोजे येथील औद्योगिक वसाहत आणि माथेरानच्या पायथ्याकडील आदिवासी वाड्या हे सर्व येथे शेजारी शेजारी आहे. पनवेल महानगरपालिका २०१६ मध्ये अस्तित्वात आली. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. अशा परिसरात एका शाळेतील विद्यार्थ्याच्या घरी स्वतःचा लॅपटॉप व अखंड इंटरनेट असते, तर दुसऱ्या शाळेतील विद्यार्थ्यास शाळेच्या एका खोलीतील मोजक्या जुन्या संगणकांवर पाळीपाळीने बसावे लागते. निवडीचा निकष असा हवा की तो या दोघांनाही लागू पडेल.

२. साधनांचे प्रकार

१९६३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे आयव्हन सदरलँड यांनी आपल्या प्रबंधासाठी स्केचपॅड ही प्रणाली सिद्ध केली. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेषा काढता येत होती, हे तिचे वैशिष्ट्य सर्वश्रुत आहे. तथापि तिचा अधिक महत्त्वाचा गुण निराळा होता. दोन रेषा समांतर असाव्यात, अमुक लांबी तमुक लांबीएवढी असावी, अशा अटी तीत आकृतीबरोबरच नोंदविता येत आणि आकृतीत बदल केला तरी त्या अटी पाळल्या जात. कॅडच्या इतिहासात पुढे दोन प्रवाह झाले. पहिल्यात संगणक हा केवळ कागद व पट्टी यांची जागा घेतो. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या ऑटोकॅडचे आरंभीचे रूप या जातीचे होते. दुसऱ्यात आकृतीमागील अटी व मापे यांना प्राधान्य असते. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून यंत्रनिर्मितीच्या क्षेत्रात हा प्रवाह प्रबळ झाला.

आज शाळेपुढे असलेली साधने ढोबळमानाने चार गटांत बसतात. पहिल्या गटात टिंकरकॅड येते. ते संकेतस्थळावर चालते. घन, दंडगोल, शंकू असे तयार आकार जोडून किंवा एकातून दुसरा वजा करून वस्तू घडविता येते. दुसऱ्या गटात फ्रीकॅड, ऑनशेप आणि फ्यूजन ही साधने पडतात. त्यांत आधी सपाट पृष्ठावर अटींनी बांधलेली आकृती काढून तिला जाडी दिली जाते आणि प्रत्येक कृतीची क्रमवार नोंद राहते. तिसऱ्या गटात ओपनस्कॅड हे साधन आहे. त्यात वस्तू हाताने ओढून काढली जात नाही, तर तिचे वर्णन सूत्रांच्या रूपाने लिहिले जाते. लिब्रेकॅडसारखी केवळ द्विमिती रेखाटनाची साधने चौथ्या गटातील होत.

३. बदलाची कसोटी

या गटांतील फरक वर्णनापेक्षा एका लहानशा पाठाने अधिक स्पष्ट होतो. ६० मिलिमीटर लांब, ४० मिलिमीटर रुंद व ५ मिलिमीटर जाड अशी एक पट्टी घ्यावी. तिच्या चार कोपऱ्यांत ४ मिलिमीटर व्यासाची चार छिद्रे असावीत आणि प्रत्येक छिद्राचे केंद्र लगतच्या दोन्ही कडांपासून ८ मिलिमीटर अंतरावर असावे. ही पट्टी कोणत्याही त्रिमिती साधनात थोड्या वेळात तयार होते आणि पडद्यावर सर्वत्र सारखीच दिसते. आता विद्यार्थ्यास सांगावे की, पट्टीची लांबी ६० ऐवजी ९० मिलिमीटर हवी आहे.

टिंकरकॅडमध्ये एकत्र बांधलेली पट्टी ओढून ९० मिलिमीटर केली तर छिद्रेही तिच्याबरोबर ताणली जातात. वर्तुळाचे दीर्घवर्तुळ होते. त्याचे लांबीकडील माप ६ मिलिमीटर व रुंदीकडील ४ मिलिमीटर होते. कडेपासूनचे अंतर ८ वरून १२ मिलिमीटरवर जाते. अशा छिद्रात स्क्रू नीट बसणार नाही. जोडणी सोडवून, पट्टी वेगळी वाढवून व दोन छिद्रे हाताने सरकवून चूक टाळता येते, हे खरे. परंतु छिद्र कडेपासून ८ मिलिमीटरवर का होते, हे फक्त विद्यार्थ्याच्या मनात असते. साधनाने ते नोंदवून ठेवलेले नसते.

फ्रीकॅडमध्ये वा ऑनशेपमध्ये छिद्राचे कडेपासूनचे अंतर ही अट म्हणून दिलेली असल्यास ६० च्या जागी ९० लिहिताच पट्टी वाढते, छिद्रे आपल्या जागी सरकतात आणि व्यास ४ मिलिमीटरच राहतो. ओपनस्कॅडमध्ये छिद्राची जागा लांबी वजा ८ अशी लिहिलेली असल्यास तोच परिणाम साधतो. मात्र विद्यार्थ्याने आळसाने तेथे सरळ ५२ ही संख्या लिहिली असेल तर छिद्र जुन्या जागीच राहते. म्हणजे साधन चांगले असले तरी विचार विद्यार्थ्यालाच करावा लागतो. फरक इतकाच की, विचार केला आहे की नाही हे अशा साधनात उघडकीस येते. शिक्षकाच्या दृष्टीने हा फरक फार मोलाचा आहे. तयार वस्तूचे चित्र पाहून गुण देण्याऐवजी एक माप बदलून काय होते ते पाहावे, म्हणजे विद्यार्थ्यास वस्तूची रचना कितपत समजली आहे हे दोन मिनिटांत कळते.

शालेय कॅडची मुख्य कसोटी यातून मिळते. आकृतीबरोबर तिच्यामागील कारणही जे साधन जपून ठेवते, ते शिक्षणाच्या दृष्टीने श्रेष्ठ मानावे.

४. शालेय भूमितीशी संबंध

अटींच्या साहाय्याने आरेखन करणे म्हणजे भूमितीचा प्रत्यक्ष उपयोग करणे होय. साधा आयत घेतला तरी हे दिसते. चार सुटे रेषाखंड काढले तर त्यांचे आठ अंत्यबिंदू असतात आणि प्रत्येक बिंदूचे दोन निर्देशक धरून एकूण १६ संख्या मोकळ्या असतात. टोके एकमेकांस जोडली की चार ठिकाणी दोन-दोन अशा ८ अटी लागू होतात आणि ८ संख्या उरतात. दोन रेषा आडव्या व दोन उभ्या आहेत असे सांगितले की ४ उरतात. लांबी व रुंदी दिली की २ उरतात. एक कोपरा आरंभबिंदूवर बसविला की शून्य. फ्रीकॅडमध्ये अशा किती मोकळ्या संख्या उरल्या आहेत हे काम चालू असतानाच दाखविले जाते आणि आकृती पूर्ण बांधली गेली की तिचा रंग बदलतो.

याच ठिकाणी एक उद्बोधक अनुभव येतो. पूर्ण बांधलेल्या आयतास समोरासमोरील बाजू समान आहेत अशी आणखी अट विद्यार्थ्याने घातली, तर ही अट अनावश्यक आहे अशी सूचना मिळते. तिचे कारण असे की, ती गोष्ट आधीच्या अटींवरून सिद्धच होते. नववीच्या गणिताच्या दुसऱ्या भागात चौकोनाच्या प्रकरणात जो गुणधर्म विद्यार्थी प्रमेय म्हणून शिकतो, तोच येथे यंत्राच्या इशाऱ्याच्या रूपाने त्याच्यापुढे उभा राहतो. गृहीत कोणते व निष्पन्न कोणते, हा भेद भूमितीच्या वर्गात अनेकांना केवळ शाब्दिक वाटतो. येथे त्याचा प्रत्यय येतो. दहावीतील निर्देशक भूमिती व ओपनस्कॅडमधील सूत्रलेखन यांचेही असेच नाते आहे.

यास्तव कॅडची निवड एकट्या संगणक-शिक्षकावर सोपविणे योग्य नव्हे. शाळेत कागदावरील आरेखन चित्रकला-शिक्षकाकडे, भूमिती गणित-शिक्षकाकडे आणि यंत्र संगणक-शिक्षकाकडे असते. ज्या साधनात या तिघांनाही आपल्या विषयाचे काही सापडेल, ते साधन शाळेत टिकण्याची शक्यता अधिक.

५. आरेखनाचे संकेत

आरेखन हे कार्यशाळेला दिलेले लेखी सांगणे होय. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाने हाताने काम करीत शिकण्याची पद्धती ग्रामीण शाळांतून रुजविली आणि २००२ मध्ये एमआयटीच्या सहकार्याने तेथे फॅब लॅबही सुरू झाली. संगणकावरील आकृती आणि कार्यशाळेतील लोखंड-लाकूड यांना तेथे एकत्र स्थान मिळाले. पनवेलच्या शाळेने यातून घ्यावयाचा बोध असा की, जी आकृती दुसऱ्याला वाचता येत नाही ती पडद्यावर कितीही सुबक दिसली तरी अपुरी आहे.

आकृती वाचता येण्यासाठी संकेत ठरलेले असावे लागतात. भारतीय मानक ब्यूरोने शाळा-महाविद्यालयांतील अभियांत्रिकी आरेखनासाठी एसपी ४६ ही संकेतपुस्तिका १९८८ मध्ये प्रसिद्ध केली. भारतात प्रथम कोन प्रक्षेपपद्धती रूढ आहे. या पद्धतीत वस्तूचे वरून दिसणारे दृश्य समोरील दृश्याच्या खाली काढतात आणि डावीकडून दिसणारे दृश्य उजवीकडे काढतात. अमेरिकेत रूढ असलेल्या तृतीय कोन पद्धतीत याच्या उलट असते. पुष्कळशी कॅड साधने अमेरिकेत घडलेली असल्याने त्यांतील नमुना-पृष्ठे कोणत्या पद्धतीची आहेत हे आधी तपासावे लागते. दोन्ही बाजूंनी सारख्या असलेल्या वस्तूत हा घोटाळा लक्षात येत नाही. परंतु एका बाजूस खाच असलेला भाग चुकीच्या पद्धतीने वाचला गेला तर तो आरशातील प्रतिबिंबासारखा उलटा तयार होतो आणि वाया जातो. दहावीनंतर तंत्रनिकेतनात जाणाऱ्या विद्यार्थ्यास तर पहिल्याच वर्षी या संकेताची गरज पडते.

या दृष्टीने टिंकरकॅडची मर्यादा स्पष्ट आहे. मापांसह दृश्ये मांडणारे आरेखन-पृष्ठ त्यातून तयार होत नाही. फ्रीकॅड व ऑनशेप यांत तशी सोय आहे व प्रक्षेपपद्धतीही निवडता येते. कागदावरील आरेखनाचे महत्त्व मात्र यामुळे कमी होत नाही. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांत भूमितीय रचना हाताने काढाव्या लागतात; इंटरमिजिएटला तर घनाकृतींचाही समावेश असतो. ज्याने दोन दृश्ये एकदा हाताने जुळविली आहेत, त्यालाच संगणकाने काढलेल्या दृश्यातील चूक ओळखता येते.

संकेतांबरोबर लिपीचाही विचार केला पाहिजे. शाळेच्या नावाची पाटी हा विद्यार्थ्यांचा आवडता पहिला उपक्रम असतो आणि ती मराठीत असावी हे स्वाभाविक आहे. प्रत्येक साधनात देवनागरी जोडाक्षरे नीट जुळतातच असे नाही. विद्यालय या शब्दातील द्य सुटा पडतो का, ऱ्हस्व वेलांटी योग्य जागी बसते का, हे पाहिल्यास साधनाची पारख होते. ओपनस्कॅडमध्ये अक्षरजुळणीची व्यवस्था अशा लिप्यांचा विचार करून केलेली आहे. अन्य साधनात अडचण आल्यास इंकस्केपमध्ये शब्द लिहून त्याचे रेषांत रूपांतर करावे व ती आकृती आत घ्यावी.

६. विद्यार्थ्याच्या कामाची मालकी

जे साधन आज विनामूल्य मिळते ते उद्या त्याच अटींवर मिळेल, असे धरून चालता येत नाही. स्केचअप २००६ मध्ये गूगलकडे व २०१२ मध्ये ट्रिंबलकडे गेले. संगणकावर उतरवून घ्यावयाची त्याची विनामूल्य आवृत्ती २०१७ नंतर पुढे निघाली नाही. ऑटोडेस्कने नवशिक्यांसाठी काढलेली १२३डी ही साधनमाला २०१७ मध्ये बंद झाली. फ्यूजनच्या वैयक्तिक विनामूल्य वापरावर २०२० मध्ये मर्यादा आल्या. शैक्षणिक परवाना निराळा राहिला. ऑनशेपच्या सर्वसाधारण विनामूल्य योजनेत केलेले काम सार्वजनिक असते. म्हणून शाळेने तेथे शैक्षणिक योजनाच घ्यावी लागते. यांत कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. सेवा चालविणाऱ्या संस्थेस तिच्या अटी बदलण्याचा अधिकार असतोच. परंतु शाळेने त्या अटींवर तीन वर्षांचा अभ्यासक्रम उभारताना ही शक्यता हिशेबात घेतली पाहिजे.

फ्रीकॅड, ओपनस्कॅड व लिब्रेकॅड ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. त्यांची प्रत शाळेतील सर्व संगणकांवर, तसेच विद्यार्थ्याच्या घरी, कायदेशीर रीतीने ठेवता येते. एकदा बसविल्यावर इंटरनेटची गरज राहत नाही. फ्रीकॅडचे काम २००२ पासून चालू असून त्याची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याची शिकण्याची वाट टिंकरकॅडपेक्षा चढणीची आहे, हे मान्य केले पाहिजे; शिक्षकाच्या पूर्वतयारीस त्यामुळे अधिक वेळ द्यावा लागतो.

खाते उघडून वापरावयाच्या साधनांबाबत कायद्याचाही प्रश्न आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ याच्या व्याख्येनुसार १८ वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती बालक होय आणि बालकाच्या वैयक्तिक माहितीवर प्रक्रिया करण्यापूर्वी पालकाची पडताळता येण्याजोगी संमती घेण्याचे तत्त्व त्यात घातलेले आहे. दहावीपर्यंतचे बहुतेक सर्व विद्यार्थी या व्याख्येत येतात. टिंकरकॅडमध्ये शिक्षकाने वर्ग तयार करून विद्यार्थ्यांना टोपणनावाने प्रवेश देण्याची सोय आहे. तिचा लाभ घ्यावा.

काम जपून ठेवण्याचा प्रकारही महत्त्वाचा आहे. थ्रीडी प्रिंटरसाठी वापरला जाणारा एसटीएल हा प्रकार १९८७ पासूनचा आहे. त्यात केवळ त्रिकोणांची यादी असते. मापाचे एककसुद्धा नसते आणि गोल छिद्र बहुभुज बनते. स्टेप या आंतरराष्ट्रीय मानकात आकार अचूक राहतो, परंतु अटींचा इतिहास राहत नाही. म्हणून प्रत्येक कामाच्या तीन प्रती ठेवाव्यात : साधनाची मूळ फाइल, स्टेप फाइल आणि मापांसह छापील आरेखन. त्यांपैकी शेवटची प्रत कोणत्याही संगणकाशिवाय वाचता येते.

७. उद्योगाचा आक्षेप

यावर असा आक्षेप संभवतो की, तळोज्याच्या कारखान्यांत किंवा वास्तुविशारदांच्या कार्यालयांत ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स यांसारखी व्यावसायिक साधने चालत असताना विद्यार्थ्यास निराळेच साधन शिकविणे म्हणजे त्याचे नुकसान करणे होय. पालकांच्या दृष्टीने हा आक्षेप अगदी खरा आहे, कारण त्यांच्या मनात मुलाच्या उपजीविकेची चिंता असते. तथापि नववीतील विद्यार्थी पदविका घेऊन कामावर रुजू होईपर्यंत पाच वर्षे तरी जातात. तेवढ्या काळात पडद्यावरील बटणांच्या जागा बदलतात. अटींनी आकृती बांधणे, तिला जाडी देणे, मापे योग्य ठिकाणी लिहिणे, दृश्ये संकेताप्रमाणे मांडणे या गोष्टी मात्र एका साधनातून दुसऱ्यात जशाच्या तशा जातात. जो विद्यार्थी त्या शिकला आहे त्याला नवे साधन शिकण्यास थोडे आठवडे लागतात. ज्याने केवळ बटणे पाठ केली आहेत त्याला पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागते. इमारतींचे सपाट नकाशे काढण्याकडे ज्यांचा कल आहे त्यांना लिब्रेकॅडवर द्विमिती रेखाटनाचा सराव पुढे ऑटोकॅडसाठी उपयोगी पडतो.

८. निवडीची पद्धती

वरील विवेचनावरून निवडीची पद्धती अशी सुचते. शाळेने साधनांची जाहिरात किंवा गुणवर्णने वाचण्याऐवजी आपल्याच संगणकांवर, आपल्याच विद्यार्थ्यांच्या एका लहान गटाकडून, एकच पाठ करून घ्यावा. छिद्रे असलेली पट्टी त्यासाठी पुरेशी आहे. पहिल्या तासिकेस पट्टी तयार करावी व लांबी बदलून पाहावी. दुसऱ्या तासिकेस प्रथम कोन पद्धतीने तिचे मापांसह आरेखन छापावे व ते, पट्टी न पाहिलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्यास वाचावयास द्यावे. तिसऱ्या तासिकेस इंटरनेट बंद करून तीच फाइल शाळेतील सर्वांत जुन्या संगणकावर उघडून पाहावी व पट्टीवर शाळेचे नाव मराठीत कोरावे. या तीन तासिकांत जे साधन टिकेल ते त्या शाळेस योग्य.

या कसोट्या लावल्यास बहुतेक मराठी शाळांसाठी पुढील क्रम संभवनीय वाटतो. आठवीत काही तासिका टिंकरकॅड वापरून घनाकृतींची बेरीज-वजाबाकी समजावून द्यावी. इंटरनेट नसल्यास हेच काम मातीच्या किंवा थर्मोकोलच्या आकारांनी करता येते. नववी व दहावीत फ्रीकॅड हे मुख्य साधन ठेवावे. इंटरनेट खात्रीचे असून शैक्षणिक योजना व पालकांची संमती मिळाल्यास ऑनशेप हा त्यास समर्थ पर्याय होय. गणिताची आवड असलेल्यांस ओपनस्कॅड द्यावे. कागद व पेन्सिल तिन्ही वर्षे चालू ठेवावी.

संशोधनाच्या दृष्टीने एक प्रश्न पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगा आहे. अटींच्या साहाय्याने आरेखन शिकलेल्या विद्यार्थ्यांस भूमितीतील गृहीत व साध्य यांचा भेद अधिक स्पष्ट कळतो काय, हे एकाच शाळेच्या दोन तुकड्यांत, सारख्या शिक्षकाकडून व सारख्या तासिकांत तपासता येईल. पनवेलसारख्या तालुक्यात, जेथे सुसज्ज व अपुऱ्या साधनांच्या शाळा थोड्याशा अंतरावर आहेत, तेथे असा अभ्यास करणे विशेष सोयीचे आहे. साधनांच्या किमतीमुळे पडणारा फरक आणि अध्यापनामुळे पडणारा फरक वेगवेगळे मोजता आले, तर कोणत्या शाळेने पैसा संगणकांवर खर्च करावा व कोणत्या शाळेने तो शिक्षकाच्या तयारीवर खर्च करावा, हे अनुमानाने ठरविण्याची गरज उरणार नाही.